खोक्यावरचे चित्र आणि हातातला खेळ

अटारी कंपनीने सप्टेंबर १९७७ मध्ये घरच्या टीव्हीला जोडायचे खेळयंत्र अमेरिकेत विकायला काढले, तेव्हा त्याच्यासोबत ‘कॉम्बॅट’ नावाचा खेळ येत असे. खोक्यावर क्लिफ स्पोन या चित्रकाराने रणगाडे, दुपंखी विमाने आणि जेट विमाने एकाच चौकटीत, एकमेकांवर चाल करून जाताना रंगवली होती. कार्ट्रिज यंत्रात घातले की पडद्यावर दिसत ते दोन ठोकळेबाज रणगाडे. यंत्राकडे कामापुरती स्मृती होती १२८ बाइटची, आणि चित्राची आडवी रुंदी होती १६० ठिपके. ही तफावत दाखवून मुखचित्रांचा इतिहास बहुधा असा सांगितला जातो, की आधी खोकी थापा मारत, पुढे यंत्रे सुधारली आणि चित्रे खरी बोलू लागली. मांडणी सुटसुटीत आहे, पण तेव्हापासूनची खोकी शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर ती टिकत नाही. मुखचित्राचा घाट दर वेळी ठरवला तो विक्रीच्या जागेने. आणि त्या जागेत कोणते चित्र प्रभावी ठरावे, याचा निकष फारसा बदललेला नाही: खेळ विकत घेणाऱ्याच्या हातून नेमके काय घडणार आहे, हे त्या चित्रातून कळते की नाही?

या निकषावर अटारीची चित्रे खोटी ठरत नाहीत. ‘कॉम्बॅट’मध्ये दोन जण एकमेकांवर गोळे झाडतात, स्पोनच्या चित्रातही तेच चालले आहे. ‘अॅडव्हेंचर’ या १९८० च्या खेळात नायक म्हणजे एक साधा चौकोन, आणि त्यातले ड्रॅगन पाहून बदक आठवावे. सुझन जेकेलने खोक्यासाठी किल्ला, भुलभुलैया आणि ड्रॅगन रंगवले, त्यामुळे तो चौकोन कोण आहे, कुठे शिरतो आहे आणि कशापासून पळतो आहे हे खेळणाऱ्याला उमगले. यंत्राला जे दाखवता येत नव्हते ते चित्राने पुरवले. खेळात जे नव्हते ते मात्र त्याने आणले नाही. यावर आक्षेप येतो तो १९८३ च्या मंदीचा. अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार तेव्हा कोसळला, आणि फसलेल्या ग्राहकाचा विश्वास उडाला हे त्याचे एक कारण होतेच. पण तो विश्वास उडवला खोक्यांच्या आतल्या मालाने. घाईघाईत काढलेल्या सुमार खेळांनी दुकाने भरली होती. १९८२ च्या नाताळासाठी आलेला ‘ई. टी.’ हा खेळ बनवण्याचे काम जेमतेम पाच आठवड्यांत उरकले होते. असा खेळ कोणत्याही वेष्टनात घातला असता तरी ग्राहक वैतागलाच असता.

तरी त्या मंदीचा धडा मुखचित्राने गिरवला. निन्टेन्डोने १९८५ मध्ये आपले यंत्र अमेरिकेत आणले, तेव्हा हात पोळलेल्या दुकानदारांपुढे आणि ग्राहकांपुढे रंगीत कल्पनाचित्र ठेवण्यात अर्थ नव्हता. म्हणून कंपनीने सुरुवातीच्या खेळांची खोकी काळी ठेवली आणि त्यांवर पडद्यावरच्याच ठिपकेदार आकृत्या मोठ्या करून छापल्या. जे दिसते तेच मिळेल, असा तो जाहीर करार होता. वरवर पाहता हा प्रामाणिकपणाचा विजय वाटतो. पण पडद्यावरचा कोणता क्षण उचलला आहे ते बघावे. ‘कुंग फू’च्या खोक्यावर गुणफलक नाही की रिकामी पार्श्वभूमी नाही, लाथ उगारलेला योद्धा आहे. चित्राची जात बदलली, निवड तीच राहिली. उलट उदाहरण ‘मेगा मॅन’चे. १९८७ च्या या जपानी खेळातला नायक हाताच्याच तोफेतून गोळ्या झाडतो आणि हरवलेल्या शत्रूचे शस्त्र स्वतःचे करतो. अमेरिकन खोक्यावर मात्र निळ्यापिवळ्या पोशाखातला एक अवघडलेला मध्यमवयीन माणूस हातात पिस्तूल धरून उभा आहे. या चित्राची इतकी थट्टा झाली, की २०१२ मध्ये हा खेळ काढणाऱ्या खुद्द कॅपकॉमने त्याच अवतारातला मेगा मॅन दुसऱ्या एका खेळात विनोदी पात्र म्हणून उतरवला. लोक हसतात ते ओबडधोबड रेखाटनाला. माझ्या मते मोठी चूक वेगळी आहे: ज्या हाताने हा खेळ चालतो तो हातच चित्रकाराने गाळला.

डिसेंबर १९९३ मध्ये आलेला ‘डूम’ हा छोट्या, स्वतंत्र चमूच्या मारधाडीच्या खेळाचा नमुना. आयडी सॉफ्टवेअर या टेक्सासमधल्या मोजक्या माणसांच्या कंपनीने मुखचित्राचे काम डॉन इव्हान पंचॅट्झ या अनुभवी चित्रकाराला दिले. पुढे जॉन रोमेरो या सहसंस्थापकाने त्याची हकीकत लिहिली. आणलेल्या मॉडेलला मनासारखा पवित्रा घेता येईना, तेव्हा रोमेरोने स्वतःच शर्ट काढला, बंदूक हातात घेतली आणि तो उभा राहिला: भोवती राक्षसांची झुंड आहे, त्यातल्या एकाने दंड धरला आहे आणि आपण गोळीबार थांबवत नाही, अशा बेताने. चित्रात तेच उतरले. हा खेळ कसा खेळतात हे ज्याला ठाऊक होते, त्यानेच पवित्रा ठरवला. एकटेपण, घेराव आणि न थांबणारा गोळीबार, ‘डूम’चा सगळा अनुभव या तीन गोष्टींत येतो.

क्रियेचा हा आग्रह म्हणजे बंदुका-तलवारींचीच भलामण, असे कोणी म्हणेल आणि २००१ चा ‘इको’ पुढे करेल. त्याच्या जपानी आणि युरोपीय आवृत्तीचे मुखचित्र दिग्दर्शक फुमितो उएदा यांनी स्वतः रंगवले, इटालियन चित्रकार डी किरिको याच्या शैलीत: अवाढव्य वास्तू, लांब सावल्या आणि धावणाऱ्या दोन इवल्याशा आकृत्या. शांत, जवळजवळ रिकामे चित्र. पण त्या दोघांनी एकमेकांचा हात धरला आहे, आणि खेळभर खेळणाऱ्याला करायचे असते ते हेच. एक बटण दाबून धरायचे आणि सोबतच्या मुलीचा हात सुटू द्यायचा नाही. अमेरिकन आवृत्तीने पात्रे मोठी करून पुढे आणली, आणि हात धरून पळण्याची गोष्ट मागे पडली. तेव्हा क्रिया म्हणजे हाणामारी नव्हे. क्रिया म्हणजे खेळाचे क्रियापद.

‘इको’च्या चित्राला मात्र फळीवर जागा होती, तबकडीचा डबा हातात घेऊन न्याहाळायला ग्राहकाकडे वेळ होता. दुकान संगणकात शिरले तेव्हा ही चैन संपली. व्हॅल्व कंपनीचे ‘स्टीम’ २००३ मध्ये सुरू झाले आणि २००५ पासून त्यावर इतरांचे खेळ विकले जाऊ लागले. जून २०१७ पासून तर १०० डॉलर भरून कोणालाही आपला खेळ तिथे मांडता येऊ लागला. यादीत दिसणाऱ्या लहान चित्राचा आकार कित्येक वर्षे २३१ गुणिले ८७ पिक्सेल होता. बोटाएवढ्या या पट्टीत बहुतेक जागा खेळाचे नावच व्यापते, आणि तसेच ते व्यापावे असे व्हॅल्वही सुचवते. इथे ‘इको’तल्या दोन आकृत्या दोन ठिपके होऊन जातील. फ्रान्समधल्या मोशन ट्विनचा २०१८ चा ‘डेड सेल्स’ या जागेसाठीच जन्मल्यासारखा आहे. त्याच्या नायकाला डोके नाही, धडावर ज्योत जळते. कितीही लहान करा, ती आकृती दुसऱ्या कोणाची वाटत नाही. शिवाय ती केवळ ओळखीची खूण नाही. मरायचे, नव्याने उठायचे आणि पुन्हा सुरुवातीपासून लढायचे हा या खेळाचा नियम, आणि तो त्या मुंडके नसलेल्या जिवंत देहात सामावला आहे.

लहान जागेच्या या सक्तीमुळे सगळी मुखचित्रे एकसारखी होतात, अशी तक्रार आहे आणि ती खोटी नाही. फळीच्या काळातही हा रोग होता. २०१३ च्या ‘बायोशॉक इन्फिनिट’च्या मुखचित्रावर बंदूकधारी नायक एकटाच उभा आहे म्हणून चाहते चिडले, तेव्हा केन लेव्हिन या त्याच्या कर्त्याने सांगितले, की ज्यांना या खेळाची काही माहिती नाही त्यांच्यासाठी ते चित्र आहे. अनोळखी ग्राहकाचा विचार करणे रास्तच आहे. पण शस्त्र खांद्यावर टाकून उभा असलेला माणूस क्रिया करत नाही, हजेरी लावतो. एकसारखेपणा या हजेरीतून येतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०१८ मध्ये आलेला ‘अमंग अस’ दोन वर्षे फारसे कोणी खेळत नव्हते. २०२० मध्ये इंटरनेटवर आपल्या खेळाचे प्रक्षेपण करणाऱ्या खेळाडूंमुळे तो जगभर पोचला. मग मुखचित्राला किंमत काय? किंमत मर्यादित आहे, हे मान्यच करायला हवे. मुखचित्र खेळ विकत नाही. ते यादीवरून सरकणारी नजर क्षणभर थांबवते, एवढेच. पण ज्याच्यासाठी कोणी प्रक्षेपण करणारा धावून येत नाही, त्याच्यापाशी तो क्षणच असतो. सप्टेंबर २०२२ पासून व्हॅल्वने या चित्रांवर परीक्षकांचे तारे, पुरस्कारांची नावे आणि सवलतीच्या पट्ट्या छापायला मनाई केली. उरले चित्र आणि नाव.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणला, तेव्हा मुखचित्रात काय दाखवायचे हा प्रश्न आपल्याही दारात आला. खेळातले महाल राजस्थानी वास्तुकलेवर बेतलेले, रंगसंगतीवर पहाडी चित्रशैलीचा ठसा. असा खेळ केवळ ‘भारतीय’ म्हणून मिरवावा असा मोह कोणालाही पडेल. पण महाल ही जागा झाली; खेळणाऱ्याने करायचे काय, ते महालातून कळत नाही. राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी. हरवलेल्या भावाला शोधताना ती भिंतींवरून धावते, खांबांना गिरकी घेते आणि त्रिशूळ चालवते. पुराणांचा गंध नसलेल्या परदेशी ग्राहकालाही झेप घेणारी मुलगी आणि तिच्या हातातले शस्त्र कळेल, आणि संदर्भ तो खेळता खेळता शिकेल. म्हणून मुखचित्र हे शेवटच्या आठवड्यात उरकायचे जाहिरातीचे काम नव्हे. खेळाचा आराखडा कागदावर असतानाच चित्रकाराला विचारावे, की यातली एकच क्रिया काढायची तर कोणती काढशील? त्याला ती सापडली नाही, तर दर वेळी दोष त्याच्या कुंचल्याला देऊ नये. बऱ्याचदा ती खेळातच ठरलेली नसते.