मार्क्सचे भाकीत आणि मुंबईची गिरणी : वर्ग, जात व जागतिक राजकारण (१८५३ ते १९३८)

प्रस्तावना :

इ. स. १८५३ हे वर्ष हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी आगगाडी धावली. त्याच वर्षी लंडनमध्ये राहणाऱ्या कार्ल मार्क्सने ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’ या वृत्तपत्रासाठी हिंदुस्थानविषयी काही लेख लिहिले. त्यांपैकी ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्याने एक भाकीत केले. रेल्वेच्या पाठोपाठ आधुनिक उद्योगधंदे येतील आणि ज्या वंशपरंपरागत श्रमविभागणीवर जातिव्यवस्था उभी आहे, ती श्रमविभागणीच हे उद्योग मोडून काढतील, असे त्याचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी कावसजी दावर यांनी मुंबईत कापड गिरणीची कंपनी स्थापन केली व १८५६ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. म्हणजेच मार्क्सच्या भाकिताची कसोटी पाहणारी जागा त्याच दशकात मुंबईत उभी राहिली. या कसोटीचा निकाल काय लागला, याचा शोध प्रस्तुत निबंधात दुय्यम साधनांच्या आधारे घेण्याचा प्रयत्न केला आहे.

सैद्धांतिक चौकट :

मार्क्सच्या मते समाजाची रचना उत्पादन साधनांच्या मालकीवरून ठरते. ज्यांच्याकडे साधने आहेत आणि ज्यांना केवळ आपली श्रमशक्ती विकावी लागते, अशा दोन वर्गांतील संघर्ष हा इतिहासाला गती देतो. मात्र समान परिस्थितीत असणे आणि त्या परिस्थितीची जाणीव होऊन संघटित होणे, यांत मार्क्सने भेद केला होता, ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. १८४७ मधील ‘तत्त्वज्ञानाचे दारिद्र्य’ या ग्रंथात त्याने हा भेद मांडला. भांडवलाच्या संदर्भात कामगार हा एक वर्ग असतोच. परंतु तो स्वतःसाठी वर्ग बनतो तो संघर्षातूनच. पुढे लेनिनने साम्राज्यवादाच्या विवेचनातून या सिद्धांताला जागतिक राजकारणाची जोड दिली. १९२० च्या कॉमिन्टर्नच्या दुसऱ्या अधिवेशनात वसाहतींतील राष्ट्रीय भांडवलदारांशी कसे संबंध ठेवावेत, यावर लेनिन व मानवेंद्रनाथ रॉय यांच्यात झालेला वाद प्रसिद्धच आहे.

१९२८ चा संप :

१९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणीमालकांनी खर्च कमी करण्यासाठी कामाची पुनर्रचना सुरू केली. दोन मागांऐवजी तीन माग चालविण्याची सक्ती विणकरांवर होऊ लागली. बेकारी व वेतनकपातीच्या भीतीने असंतोष वाढला आणि एप्रिल १९२८ मध्ये सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगारांचा हा संप ऑक्टोबरपर्यंत चालला. मे महिन्यात गिरणी कामगार युनियनची स्थापना झाली. श्रीपाद अमृत डांगे, एस. एस. मिरजकर, आर. एस. निंबकर व के. एन. जोगळेकर यांच्या बरोबरीने अर्जुन आळवे यांच्यासारखे प्रत्यक्ष गिरणीतून आलेले नेतेही त्यात होते. कोकण आणि घाटावरून आलेला, गावाशी व जातीशी बांधलेला कामगार सहा महिने एकत्र टिकला. मार्क्सच्या परिभाषेत हा वर्ग स्वतःसाठी उभा राहत होता.

साळखात्याचा प्रश्न :

परंतु याच संपात एक जुना प्रश्न पुढे आला. गिरणीतील साळखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, वेतन तुलनेने अधिक होते. मात्र अस्पृश्य कामगारांना तेथे प्रवेश नव्हता. धोट्यातील कांडी बदलताना विणकर बाण्याचे सूत तोंडाने ओढून घेत असे. अस्पृश्याने तोंड लावलेल्या धोट्याला आपण तोंड कसे लावावे, हा सवर्ण कामगारांचा आक्षेप होता. त्यामुळे अस्पृश्य कामगार प्रामुख्याने कमी वेतनाच्या रिंग विभागात राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठेवला आणि सर्व खात्यांत काम करण्याच्या हक्काची मागणी केली. नेत्यांनी ती नाखुशीने मान्य केली. पुढे १९२९ च्या संपाला आंबेडकरांनी विरोध केला.

ही घटना मार्क्सच्या भाकिताला छेद देते. यंत्राने जातीची श्रमविभागणी मोडली नाही. उलट यंत्राच्याच एका भागाभोवती ती नव्याने उभी राहिली. जात ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, हे आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या ग्रंथात मांडले. त्यामागे गिरणगावातील हा अनुभवही असावा, असे म्हणण्यास जागा आहे.

जागतिक राजकारणाची छाया :

कॉमिन्टर्नचे सहावे अधिवेशन १७ जुलै १९२८ रोजी मॉस्कोत सुरू झाले व त्यात ‘वर्गाविरुद्ध वर्ग’ हे धोरण पुढे आले. त्या वेळी मुंबईचा संप जवळजवळ तीन महिने चालला होता. म्हणून संपाचे मूळ मॉस्कोत नव्हे, तर तीन मागांच्या सक्तीत शोधावे लागते. ब्रिटिश सरकारने मात्र २० मार्च १९२९ पासून अटकसत्र सुरू करून मीरत कटाचा खटला उभा केला. जानेवारी १९३३ मध्ये त्याचा निकाल लागेपर्यंत युनियनचे अनुभवी नेतृत्व तुरुंगात होते. दुसरीकडे नव्या आंतरराष्ट्रीय धोरणामुळे कम्युनिस्ट राष्ट्रीय चळवळीपासून दूर गेले. १९३५ च्या सातव्या अधिवेशनाने संयुक्त आघाडीचे धोरण स्वीकारल्यावर सहकार्यास अनुकूल वातावरण निर्माण झाले.

७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत एकदिवसीय संप झाला. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट त्यात एकत्र उतरले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मनमाड येथे दलित रेल्वे कामगारांपुढे बोलताना आंबेडकरांनी ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले होते. एकाच शत्रूचा विचार करणारी चळवळ अपुरी पडते, हे दहा वर्षांच्या अनुभवाचे सार होते.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, आधुनिक उद्योग आपोआप जात नष्ट करतो, हे मार्क्सचे १८५३ चे भाकीत मुंबईत खरे ठरले नाही. दुसरी, वर्ग संघर्षातून घडतो, ही त्याचीच मांडणी मात्र उपयुक्त ठरते. कारण साळखात्याचा प्रश्न संपाच्या व्यासपीठावर आला तो संघटित लढ्यामुळेच. तिसरी, आंतरराष्ट्रीय धोरणांनी चळवळीला बळ व मर्यादा दोन्ही दिल्या. पण तिचे कारण येथील कामाच्या जागी होते. १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन करणाऱ्या कॉ. शरद पाटील यांनी मार्क्स, फुले व आंबेडकर यांची सांगड घालण्याचा जो प्रयत्न केला, त्याची गरज याच इतिहासातून समजते.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि साळखातेही इतिहासजमा झाले. तरीही कोणते काम कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न संपलेला नाही. शहरांतील गटारे व मैला साफ करण्याचे काम कोणाकडे आहे, एवढे पाहिले तरी हे ध्यानात येते. म्हणून वर्गसिद्धांत शिकविताना त्याच्याशेजारी धोट्याची ही हकीकत ठेवणे, हे इतिहासाच्या अध्यापकाचे कर्तव्य ठरते.