गाडीवानाचा दंड

कर्वेनगरात आज बैल शोधायला निघालात तर पोळ्याच्या दिवशी कुंभाराच्या टोपलीतला मातीचाच सापडेल. पण आमचं गाव मुळात हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णासाहेब, यांनी १९०० साली विधवा मुलींचा आश्रम पुण्यातून इथं माळावर आणला. एका झोपडीत संसार मांडला आणि पुढं गावच त्यांच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. त्या माळाच्या खाली, मुठेच्या अंगाला आमची शेती. भाजीपाला पिकवायचा आणि पहाटे बैलगाडीनं मंडईला न्यायचा, हा आमच्या घराचा धंदा. मी दहावीपर्यंत शिकलो, पण गाडी हाकायला त्याआधीच शिकलो होतो. त्यामुळं बैलगाडीच्या शर्यतींविषयी माणसं मला विचारतात. शहरातली विचारतात, "हा क्रूरपणा परत का सुरू केला?" खेड्यातली विचारतात, "आमची परंपरा बंद का पाडली?" दोघांनाही मी एकच सांगतो. आधी बघा, चूक कुणाची होती आणि दंड कुणाला झाला. बैलगाडी शर्यतीचा इतिहास त्या एका प्रश्नाभोवती फिरतो.

शर्यती एका प्रकारच्या नाहीत, हे आधी शहरातल्या वाचकासाठी सांगतो. आमच्या जिल्ह्यात खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, शिरूर या बाजूला घाटाची शर्यत असते. घाट म्हणजे चढाची, दोन्ही बाजूंनी बंदिस्त अशी वाट. हलक्या गाड्याला चार बैल जुंपतात आणि पुढं एक घोडीवाला धावतो. गाड्यावर माणूस बसत नाही. एका वेळी एकच गाडा सुटतो आणि घड्याळावर सेकंद मोजतात. दक्षिणेला सातारा, सांगली, कोल्हापूरकडं सपाटीवर छकडे पळतात. तिथं दोन बैल, वर एक गाडीवान आणि शेजारी शेजारी आखलेल्या चाकोऱ्यांतून चार-सहा गाड्या एकदम सुटतात. विदर्भात शंकरपट असतो, तिथं जोडी हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात. अलिबागकडं समुद्राच्या वाळूत गाड्या पळतात.

प्रकार वेगळे तसे गुन्हेही वेगळे. घाटात जो काही लबाडीचा खेळ व्हायचा तो खाली, जुंपण्याच्या जागेवर. निशाण पडायच्या आधी गाडा सोडणं, सोडताना शेपूट पिरगळणं, टोचणं, एकाच्या नावावर दुसऱ्याचा बैल पळवणं. सपाटीवर गाडीवान स्वतः बैलांच्या मागं बसलेला. त्याच्या हातात कासरा आणि काठी. तो आपली चाकोरी सोडून शेजारच्या जोडीला आडवा जाऊ शकतो, आपल्या बैलाला पराणी लावू शकतो. पराणी म्हणजे टोकाला आर, म्हणजे खिळा, ठोकलेली काठी. नांगराच्या मागं ती असायची, तीच शर्यतीत आली.

यावर गावाचा बंदोबस्त काय होता? यात्रेत पंच नेमलेले असायचे. निशाणावर एक, शेवटच्या रेषेवर एक, घाट असेल तर घड्याळावर एक. चाकोरी सोडली की गाडी बाद. आधी सुटला की गाडा बाद. हा पहिला दंड, आणि तो जागच्या जागी. पण खरा दंड शर्यतीनंतर व्हायचा, असं मला आठवतं. बैलाच्या पुठ्ठ्यावर रक्त दिसलं की म्हातारी माणसं पारावर त्या गाडीवानाचं नाव घेऊन बोलायची. पुढच्या यात्रेला दुसरा मालक त्याला आपल्या छकड्यावर बसवायला कचरायचा. बैल घरचा असतो, पोराइतका लाडका असतो. त्याला फोडून काढणाऱ्याच्या हातात कासरा कोण देईल? वर्ष-दोन वर्षं असा माणूस नुसता कडेला उभा राहून शर्यत बघायचा. कागद नाही, शिक्का नाही, पण दहा गावांत ते ठाऊक असायचं.

हे मी गोड करून सांगत नाही. पराणी त्या काळीही होती आणि पुष्कळ पंच तिच्याकडं काणाडोळा करत होते. गाडीवान पाटलाच्या घरचा असला तर बोलायची सोय नव्हती. चाकोरी सोडणाऱ्याला लगेच बाद करायचे, कारण त्यात दुसऱ्या मालकाचं नुकसान होतं. बैलाला मारणाऱ्याला बाद करायचे नाहीत, कारण नुकसान फक्त बैलाचं होतं आणि बैल तक्रार करत नाही. आमच्या जुन्या बंदोबस्तातलं भोक ते हेच, आणि पुढं सगळी शर्यत त्याच भोकातून गळून गेली.

कायदा नव्हता असं कुणी समजू नये. इंग्रजांच्या काळात १८९० साली जनावरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा झाला होता. स्वातंत्र्यानंतर १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आला, तो आजही चालू आहे. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. तीन वर्षांच्या आत दुसऱ्यांदा सापडला तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. १९६० साली पन्नास रुपये म्हणजे मोठी गोष्ट होती. मला कळायला लागलं तोवर तो एका पोत्याचा भाव राहिला होता आणि आज चार माणसांचा चहा होतो. पुढं १९६५ साली ओढकामाच्या जनावरांसाठी नियम झाले. दिवसात नऊ तासांच्या वर काम घ्यायचं नाही. पारा ३७ अंशांच्या वर गेला तर दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. आणि खिळा असलेली काठी वापरायचीच नाही. म्हणजे पराणी १९६५ पासून बेकायदा आहे. आमच्या गाड्या रोज शहरात जायच्या, पण हा नियम आम्हाला कुणी वाचून दाखवला नाही आणि यात्रेतल्या पंचांनाही नाही. नियम पुस्तकात राहिला आणि पराणी गाडीवर राहिली.

मग सगळं एकदम अंगावर आलं. ११ जुलै २०११ ला केंद्र सरकारनं अधिसूचना काढली. वाघ, सिंह, अस्वल, माकड, बिबळ्या यांचे खेळ करायला आधीच बंदी होती. त्या यादीत बैल घातला. कोर्टकज्जे सुरू झाले. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं तामिळनाडूचा जल्लीकट्टू आणि आपल्या बैलगाडी शर्यती, दोन्हींवर बंदी कायम केली. त्या निकालात जल्लीकट्टूच्या पाहणीत काय दिसलं ते लिहिलेलं आहे. शेपटीची हाडं मोडणं, शेपूट चावणं, काठीनं आणि टोकदार वस्तूंनी टोचणं, डोळ्यांत झोंबणारं काहीतरी घालणं. बैलाच्या शरीराची ठेवणही धावण्यासाठी नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. त्या शेवटच्या मुद्द्यावर शेतकऱ्यांनी पुष्कळ वाद घातला. पण वरच्या यादीवर वाद घालायला तोंड कुणाला होतं? ती यादी बैलाच्या स्वभावाची नाही. ती माणसाच्या हाताची आहे.

आता दंड कुणाला झाला ते बघा. ज्यानं शेपूट पिरगळली त्याला नाही. तो दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवर बसला. दंड झाला तो खिलार खोंड जोपासणाऱ्याला, ज्याच्या दावणीला बैल होता आणि गिऱ्हाईक नव्हतं. दंड झाला घोडीवाल्याला, छकडा बनवणाऱ्या सुताराला, यात्रेत भेळ विकणाऱ्याला. आणि बैलालाही झाला. ट्रॅक्टर आल्यावर बैल शेतीसाठी ठेवणारे कमीच होते. शर्यतीसाठी पाळायचा, तेही कारण गेलं. नियम मोडणाऱ्या एकेकाला वेळेवर धरलं नाही, म्हणून शेवटी सगळ्यांना एकदम धरावं लागलं. शाळेत एकानं काच फोडली आणि नाव कुणी सांगितलं नाही की मास्तर सगळ्या वर्गाला उभं करायचे, तसं झालं. आठवडे नाही, साडेसात वर्षं वर्ग उभा राहिला.

महाराष्ट्र सरकारनं २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली आणि शर्यतींचे नियम केले. मुंबई उच्च न्यायालयानं त्याला थांबवलं. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं त्या नियमांनुसार शर्यती घ्यायला तात्पुरती मुभा दिली. १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे योग्य ठरवले. आमच्या भागात त्या दिवशी गुलाल उडाला. गुलाल उडवणाऱ्यांपैकी किती जणांनी निकालाचा शेवट वाचला असेल? त्यात न्यायालयानं सांगितलंय की हे नियम काटेकोर पाळले गेले पाहिजेत आणि त्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर राहील. मुभा मिळाली ती या अटीवर. अट मोडली तर पुन्हा कोर्टात जायला लोक तयार बसलेत, आणि त्यांचं काही चुकणार नाही.

नियम सोपे आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, अनामत ठेवायची. धाव १००० मीटरच्या वर नको. बैल धावायला योग्य आहे असा जनावरांच्या डॉक्टरचा दाखला पाहिजे. काठी, चाबूक, पराणी, विजेचा झटका, काही चालणार नाही. मोडलं तर ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. पन्नास रुपयांवरून पाच लाखांवर आलो, हे चांगलंच झालं.

तरी मला यात एक पायरी कमी दिसते. ती समजावी म्हणून वाचकाला आमच्याच पुण्यात कॅम्पात नेतो. तिथल्या रेसकोर्सवर रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या घोड्यांच्या शर्यती पावसाळ्यात होतात. तिथल्या जुगाराशी मला देणंघेणं नाही. पण शिस्त बघण्यासारखी आहे. घोड्यावर बसणाऱ्या जॉकीला परवाना लागतो. शर्यतीवर देखरेख करणारे पंच असतात, त्यांना स्टुअर्ड म्हणतात. कुणी दुसऱ्याच्या वाटेत घोडा घातला किंवा चाबूक नको तितका चालवला, तर ते जॉकीला बोलावून विचारतात, त्याचं म्हणणं ऐकतात. दोषी ठरला तर दंड करतात किंवा काही दिवस त्याला घोड्यावर बसू देत नाहीत. पुण्यात थांबवलेला जॉकी मुंबईच्या महालक्ष्मीला जाऊन बसू शकत नाही.

परदेशात तर आमच्या छकड्याचीच बहीण शोभेल अशी शर्यत आहे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, युरोपात घोड्याला हलकी दोन चाकी गाडी जोडतात, तिला सल्की म्हणतात, आणि वर गाडीवान बसतो. घोड्यानं ठरलेल्या चालीतच पळायचं. चाल मोडून तो चौखूर उधळला तर गाडीवानानं त्याला आवरून चालीवर आणायचं. नाही आणलं आणि उधळून पुढं निघाला, तर गाडी मागं टाकतात. जिंकायचा प्रयत्नच केला नाही, मुद्दाम मागं ठेवला, तर तोही गुन्हा. तिथंही गाडीवानाचा परवाना असतो आणि नियम मोडला की तो काही दिवसांसाठी किंवा कायमचा जातो. शिक्षा चुकीची वाटली तर वर दाद मागता येते. म्हणजे घोड्याचा निकाल वेगळा आणि गाडीवानाचा निकाल वेगळा.

आपल्याकडं एका टोकाला पंचाचं "बाद" आहे. त्यात मालक आणि बैल हरतात. गाडीवानाचं काय गेलं? दुसऱ्या टोकाला पोलिसात गुन्हा आहे. तो पाच लाखांचा आणि तीन वर्षांचा, म्हणून इतका जड की गावातला पंच तो नोंदवायला धजत नाही. आपल्याच भावकीतल्या पोराला तीन वर्षं आत कोण घालेल? मग काणाडोळा होतो. मधली पायरी, म्हणजे सहा महिने कासरा हातात घ्यायचा नाही ही शिक्षा, कागदावर कुठंच दिसत नाही. पूर्वी ती पारावरच्या बोलण्यात होती. आता बक्षिसाला मोटारसायकल, ट्रॅक्टर, चारचाकी लागते, लांबलांबून गाड्या येतात. आज एका गावानं हाकललेला गाडीवान उद्या तीन तालुके ओलांडून दुसऱ्या मैदानात बसतो. त्याला तिथं ओळखतं कोण?

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे. बैलाचा डॉक्टरी दाखला मागता, तसा गाडीवानाचाही नोंदणीचा दाखला मागा. घाटाच्या शर्यतीत जुंपणाऱ्यांची नावं लिहून घ्या, कारण तिथं हात त्यांचे असतात. काठी दिसली की त्याला बोलवा, त्याचं ऐका, आणि दोषी असेल तर ठरावीक महिन्यांसाठी थांबवा. त्याचं नाव जिल्ह्यातल्या सगळ्या यात्रा कमिट्यांना कळवा. पुराव्याची अडचण आता राहिलेली नाही. शर्यत मोबाईलवर दिसते, कुणाच्या हातात काय होतं ते मुंबईत बसूनही बघता येतं. पहिल्यांदा चुकलेल्याला कोर्टात ओढायची गरज नाही आणि तिसऱ्यांदा चुकलेल्याला सोडायची गरज नाही.

काही जण म्हणतील, गावात वैर वाढेल. वाढेल थोडं. पंच होणं हे वाईट होण्याचंच काम आहे, म्हणून तर पूर्वी त्या जागेवर वयस्कर आणि कुणाच्या मिंध्यात नसलेला माणूस बसवायचे. आज त्या खुर्चीवर बक्षीस देणाऱ्याचा माणूस बसतो आणि गडबड तिथूनच सुरू होते. यंदाच्या यात्रेची वर्गणी मागायला कमिटीची पोरं आली, की बक्षीस किती हे विचारण्याआधी पंच कोण आहेत ते विचारा. आणि गेल्या वर्षी त्यांनी किती गाडीवानांना थांबवलं, तेही विचारा.