धार, पाचर आणि परिशिष्ट

दक्षिणेतील गावगाड्याचा विचार करू लागले म्हणजे आपली दृष्टी पाटील-कुळकर्ण्यांच्या वतनांकडे, साऱ्या-महसुलाच्या हिशेबाकडे आणि फार तर खळ्यावरच्या बलुत्याकडे वळते. परंतु ज्या हत्यारांच्या धारेवर हा गाडा प्रत्यक्ष चालत असे, त्यांची निगा कोण व कशी राखीत होते, आणि त्या धारेपासून माणसाचे हात-पाय कोणत्या रिवाजाने सांभाळले जात होते, याची विचारपूस क्वचितच झालेली आहे. दफ्तरात तंट्याची नोंद होते, दंडाची होते, नजराण्याची होते. रोज सकाळी दगडावर घासल्या जाणाऱ्या पटाशीची नोंद करण्याचे कारण कोणत्याही कारकुनाला पडले नाही.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथात ज्यांच्या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन आले आहे, त्या बलुतेदारांत सुताराची गणना लोहार, चांभार आणि महार यांच्या बरोबरीने थोरल्या कासेत होत असे, आणि ते यथायोग्यच होते. कारण नांगर, कुळव, पाभर आणि गाडी यांपैकी एकही वस्तू ऐन पेरणीच्या तोंडावर मोडली, तर कुणब्याचे वर्ष बुडण्यास तेवढे निमित्त पुरत असे. लाकूड बहुधा कुणब्याचे, दुरुस्तीची मेहनत बलुत्यात, आणि नवी गाडी बांधावयाची तर मेहनताना वेगळा ठरवावयाचा, असा सर्वसाधारण दस्तुर होता. हत्यारे मात्र सुताराची स्वतःची. वाकस, करवत, रंधा, पटाश्या, किकरे, सामता, कानस, गुण्या, ओळंबा, एवढ्या सरंजामावर त्याचा सारा संसार, आणि त्यातले पोलाद गावच्या लोहाराने भट्टीत घालून पाणी दिलेले. मोडलेल्या हत्याराचे मोल गाव भरून देत नसे. म्हणून निगा हा येथे निव्वळ सद्गुण नव्हता, तर भांडवल राखण्याचा एकमेव मार्ग होता.

त्याच्या कामाची बैठकच निराळी. विलायती सुतार उंच मेजापुढे उभा राहतो आणि लाकूड शेगड्यात आवळतो. आपला सुतार जमिनीवर बसतो आणि लाकूड पायांनी दाबून धरतो. तळव्याखाली बाभळीचा ओंडका, अंगठा व शेजारचे बोट यांच्या चिमटीत एखादी खुंटी, आणि पायाच्या पुढ्यात वीतभर अंतरावर पडणारा वाकसाचा घाव, हे दृश्य ज्या युरोपीय प्रवाशांनी पाहिले त्यांना त्याचे नवल वाटले, आणि काहींनी त्यावरून मागासलेपणाचा निष्कर्षही काढला. मला तो निष्कर्ष उथळ वाटतो. पायाखालचे लाकूड क्षणार्धात फिरवता येते, ते किंचित हलले तरी तळव्याला ताबडतोब कळते, आणि शेगडा गावोगाव वाहून न्यावा लागत नाही. करवतीचेही तसेच आहे: आपल्याकडील जुन्या करवतीचे दात मुठीकडे झुकलेले असत, म्हणून ती ढकलताना नव्हे तर ओढताना कापी, आणि ओढाने पाते ताणलेले राहात असल्यामुळे ते पातळ असले तरी वाकत नसे. महाग लोखंडाच्या मुलखात पातळ पात्याने भागणे ही लहानसहान सोय नव्हे.

धोका अर्थातच होता. वाकस घसरला तर नडगी किंवा अंगठा ठरलेला. तेव्हा या बैठकीला जो नियम चिकटला तो पाहण्यासारखा आहे: हत्याराला पाय लागता कामा नये, ओलांडून जाता कामा नये, आणि चुकून लागलाच तर हात लावून नमस्कार करावयाचा. खंडेनवमीला आणि दसऱ्याला हीच हत्यारे स्वच्छ करून, हळद-कुंकू वाहून मांडली जातात, आणि त्या दिवशी त्यांना काम नसते. ही भावना धार्मिक आहे यात संशय नाही. परंतु जेथे कारागीर अनवाणी असून पायानेच लाकूड धरतो, तेथे उघड्या धारेपासून पाऊल दूर ठेवणारा याहून प्रभावी नियम एखाद्या सरकारी तजविजीने तरी घालून दिला असता काय, याची मला शंकाच आहे. पोराला कारण समजण्यापूर्वीच सवय लागत असे.

निगेतले मर्म धारेत. नवशिक्याला वाटते की बोथट हत्यार निरुपद्रवी. जाणत्याला ठाऊक असते की बोथट पटाशीला जोर द्यावा लागतो, जोर दिला की ती निसटते, आणि निसटली की समोरचा हात कापते. म्हणून पहिला नियम असा की, धरणारा हात धारेच्या वाटेत कधीही नसावा, आणि दुसरा असा की, काम अडेपर्यंत वाट न पाहता पटाशी निसण्यावर घ्यावी. दगडावर पाणी सोडून उतरती बाजू सपाट टेकवून घासली म्हणजे पलीकडच्या अंगाला धातूचा बारीकसा ओठ फुटतो. तो बोटाच्या पोटाला हलकेच जाणवतो, आणि पाते उताणे करून एक-दोन हात फिरवले की जातो. नंतर धार अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवावयाची: रुतून राहिली तर उत्तम, घसरली तर पुन्हा दगड. बाभळीसारख्या चिवट लाकडासाठी धारेचा उतार थोडा जाड ठेवावा लागतो, नाहीतर ती दातरते. सागाला पातळ चालते. पावसाळ्यात पात्यांवर तेलाचा हात फिरवावयाचा, आणि सैल झालेला दांडा त्याच दिवशी पाचर मारून घट्ट करावयाचा, कारण दांड्यातून सुटलेले पाते कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम नसतो.

गावाबाहेरचे काम याहून मोठ्या मापाचे. पेशवाईत पुण्यास जे वाडे उठले, त्यांतील १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या शनिवारवाड्यासाठी जुन्नरच्या रानातील साग आणल्याचे सांगतात. असे सोट हातानेच चिरले जात. ओंडका उंचावर चढवून एक माणूस वर व एक खाली अशी जोडी मोठी करवत ओढी. चीर लांबत गेली की लाकूड आपल्याच ताणाने मिटू पाहते आणि पाते आत आवळले जाते. म्हणून पात्याच्या मागोमाग चिरेत पाचर ठोकीत जाण्याची रीत होती. ही पाचर लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे तिचा संबंध येतो. मुंबईच्या गोदीत, जेथे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून आले आणि जेथे १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज इंग्लंडात हार्टलपूलच्या बंदरात अद्याप पाहावयास मिळते, तेथेही हीच हातकरवत आणि हाच वाकस होता.

मग यंत्र आले. वाफेवर व पुढे विजेवर फिरणारी गोल करवत हातकरवतीचे दिवसाचे काम अल्पावकाशात उरकू लागली. परंतु तिच्यावर चीर मिटली तर पाते केवळ आवळले जात नाही, ते लाकूड उचलून कामगाराच्या छातीवर फेकते. यावर उपाय म्हणून पात्याच्या मागे, चिरेच्या रुंदीचा, लोखंडी फाळ बसवतात, जो चीर मिटू देत नाही. ती जुनी पाचरच होय. फरक इतकाच की पूर्वी ती ठोकण्याची आठवण माणसाला ठेवावी लागे, आता ती यंत्राला कायमची जडवलेली असते, आणि घाईत असलेला मालक ती अडचणीची समजून काढून ठेवू शकतो.

हिंदुस्थानातील पहिल्या, १८८१ च्या कारखाना कायद्याने धोक्याच्या यंत्रांभोवती कुंपण घालण्याची सक्ती केली. पण तो शंभर किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांपुरताच होता. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने तर एक परिशिष्टच जोडले, ज्यात कोणता अवयव गेला असता माणसाची मिळकतीची शक्ती किती टक्क्यांनी घटली असे समजावे, याचे कोष्टक आहे. अंगठ्याला एक आकडा, तर्जनीला दुसरा. वाचताना अंगावर काटा येतो खरा, तरी हे कोष्टक अमानुष म्हणून झिडकारणाऱ्यांनी त्यापूर्वी त्या अंगठ्याचे काहीच मिळत नव्हते, हेही ध्यानात घ्यावे.

गावच्या सुताराला हा कायदा लागू होणे शक्य नव्हते, कारण त्याला मालक नव्हता. दावा लावावयाचा तर गावावर. तथापि त्याच्या वतनात एक आडवाटेची तरतूद होती. बलुत्याचा हक्क एका माणसाचा नसून वंशपरंपरेने घराण्याचा असे, त्यामुळे बाप जायबंदी झाला तरी भाऊ अगर मुलगा वाकस हाती घेई आणि खळ्यावरचा वाटा त्याच घरात येत राही. अर्थात ज्याच्या घरात कर्ता हात दुसरा नव्हता त्याला हे वतन फार काळ पोसू शकत नसे, आणि १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीहून लोखंडी नांगर गावोगाव जाऊ लागल्यावर त्या वाट्याचाही आधार हळूहळू निसटत चालला.

सुतारांची मुले मग तालुक्याच्या लाकडाच्या वखारीत गोल करवतीवर उभी राहिली. १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यासाठी माणसांची मर्यादा दहावर आणली. या वखारींत बहुधा चार-पाचच माणसे असत.