स्प्रिंट चाचणी
उच्च रक्तदाबाच्या उपचारात वरचा दाब किती खाली आणावा, हे तपासणारी अमेरिकेतील मोठी वैद्यकीय चाचणी. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध. पन्नाशीपुढच्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या ९,३६१ जणांचे दोन गट केले: एकाचे लक्ष्य १४० मिमी पाऱ्याखाली, दुसऱ्याचे १२० खाली. मधुमेही आणि पक्षाघात होऊन गेलेले रुग्ण वगळले होते. दुसऱ्या गटात मृत्यूंचे प्रमाण सुमारे २७ टक्क्यांनी कमी दिसले. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. भोवळ आणि मूत्रपिंडाची इजा मात्र याच गटात जास्त आढळली. मोजणीची रीत विसरून चालणार नाही. रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवून, स्वयंचलित यंत्राच्या तीन नोंदींची सरासरी घेत. दवाखान्यात घाईने घेतलेला आकडा बहुधा याहून चढा येतो; त्यावर विसंबून १२० गाठण्यासाठी गोळ्या वाढवणे वृद्धांना धोक्याचे ठरू शकते.