एका गॅलनची खरी किंमत

लढणाऱ्या सैन्याचं डिझेल सगळ्यात जास्त कुठे जळतं? तुम्ही म्हणाल रणगाड्यांत, फार तर हेलिकॉप्टरमध्ये. २००८ साली अमेरिकेच्या डिफेन्स सायन्स बोर्डाच्या अहवालात याचा हिशोब आला. युद्धकाळात त्यांच्या भूदलात पहिला नंबर निघाला जनरेटरचा!

आता इराकमधला तळ डोळ्यांसमोर आणा. बाहेर ४५-५० अंश तापमान, राहायला कापडी तंबू आणि आत एसी. पत्र्याच्या शेडमध्ये एसी लावल्यावर काय होतं ते आपल्याला माहीतच आहे. कापड उष्णता अडवत नाही, त्यामुळे एसी थांबतच नाही. त्यात जनरेटर निवडलेला असतो सर्वाधिक भार धरून, आणि दिवसातला बराच वेळ तो चालतो थोड्याशाच भारावर. डिझेल इंजिन असं चालवलं की ते पुरेसं तापत नाही, इंधन नीट जळत नाही, काजळी साठते. म्हणजे तेलही वाया आणि यंत्रही खराब.

उपाय अवघड नव्हता. तंबूंवर पॉलियुरेथेन फोमचा थर फवारला की एसीचं काम बरंच कमी होतं. इराकमध्ये हे करूनही पाहिलं. (असा तंबू परत घडी घालून नेता येत नाही, हा त्यातला तोटा.) मग एवढी साधी गोष्ट आधी का सुचली नाही?

माझ्या मते दोष हिशोबाच्या वहीत होता. कागदावर इंधनाची किंमत लिहिली जायची ती डेपोतली, गॅलनला काही डॉलर. तो गॅलन आघाडीवर पोचवणारे टँकर, त्यांच्या बंदोबस्ताच्या गाड्या, हेलिकॉप्टर, माणसं हा खर्च दुसऱ्याच खात्यात. मग फोमचा खर्च उधळपट्टी वाटणारच! याच बोर्डाने २००१ मध्येच हे दाखवून दिलं होतं, पण फारसं काही हललं नाही.

हललं ते माणसं मरायला लागल्यावर. जुलै २००६ मध्ये इराकच्या अन्बार प्रांतातले मेजर जनरल रिचर्ड झिल्मर यांनी सौर पॅनल आणि पवनचक्क्यांची तातडीची मागणी पाठवली. कारण पर्यावरण नव्हे. रस्त्यावरचे टँकर कमी झाले तर सुरुंगांच्या तोंडी जाणारे सैनिकही कमी होतील, एवढंच. पुढे २००९ च्या एका लष्करी अभ्यासात २००७ चे आकडे आले. अफगाणिस्तानात इंधनाच्या दर २४ ताफ्यांमागे एक जण मृत किंवा जखमी. त्याच सुमारास अमेरिकी संसदेने कायदाच केला, की यापुढे नवी सामग्री ठरवताना इंधन पोचवण्याचा पूर्ण खर्च धरायचा. काही दुर्गम ठिकाणी तो गॅलनला ४०० डॉलरपर्यंत जात होता. आता हा आकडा समोर ठेवून फोमचा हिशोब परत करून बघा!

२०१० मध्ये मरीन्सची एक कंपनी हेल्मंडमधल्या सांगिनला सौर पॅनल घेऊन गेली. तिथल्या एका चौकीवर जनरेटरला रोज २० गॅलन लागायचे, ते अडीचवर आले. घडीच्या पॅनलवर रेडिओच्या बॅटऱ्या चार्ज व्हायच्या, त्यामुळे पायी गस्तीवर जाणाऱ्या मरीन्सच्या पाठीवरचं ओझंही उतरलं.