धातूची बॅट व लाकडाची बॅट : साधनबदल आणि फटक्याचे तंत्र – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

खेळांचा इतिहास सामान्यतः विजयांचा, विक्रमांचा आणि नामवंत खेळाडूंचा इतिहास म्हणून लिहिला जातो. खेळाडूच्या हातातील साधन कशाचे बनले होते, ते का बदलले आणि त्या बदलाने खेळाडूच्या शरीराला कोणती नवी शिस्त लावली, या प्रश्नांकडे तुलनेने कमी लक्ष दिले गेले आहे. बेसबॉलमधील धातूची बॅट हे या दृष्टीने महत्त्वाचे उदाहरण होय. अमेरिकेत शालेय व महाविद्यालयीन खेळाडू प्रामुख्याने धातूच्या बॅटने खेळतात. व्यावसायिक स्पर्धेत मात्र लाकडाचीच बॅट लागते. प्रस्तुत निबंधात या दुहेरी व्यवस्थेचा उगम, तिचे तांत्रिक परिणाम आणि महाराष्ट्रातील महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्राच्या दृष्टीने तिचा अर्थ यांचा विचार केला आहे.

मनमाडच्या वाचकास ही समस्या परकी वाटू नये. मापबदल होईपर्यंत या जंक्शनवर ब्रॉडगेज व मीटरगेज असे दोन मार्ग एकत्र येत आणि माल एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. दोन्ही मार्ग आपापल्या जागी सुस्थितीत होते. अडचण होती ती त्यांच्या सांध्यावर. धातूकडून लाकडाकडे जाणाऱ्या खेळाडूची स्थिती नेमकी अशीच असते.

धातूच्या बॅटचा प्रवेश

धातूच्या बॅटची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १९२४ मध्येच अशा बॅटचे एकस्व घेतले गेले होते; परंतु तिचा प्रत्यक्ष प्रसार १९७० नंतर झाला. मुलांच्या ‘लिटल लीग’ने १९७१ मध्ये आणि महाविद्यालयीन स्पर्धांचे नियमन करणाऱ्या एन.सी.ए.ए. या संस्थेने १९७४ मध्ये ॲल्युमिनियमच्या बॅटला मान्यता दिली. या निर्णयामागील प्रमुख कारण आर्थिक होते. ॲश वृक्षाच्या लाकडाची बॅट सरावात वारंवार मोडते. धातूची बॅट अनेक हंगाम टिकते. मर्यादित निधीवर संघ चालविणाऱ्या शाळा-महाविद्यालयांना हा मोठाच दिलासा होता.

व्यावसायिक ‘मेजर लीग’ने मात्र एकसंध, भरीव लाकडाच्या बॅटचा नियम कायम ठेवला. नव्या पोकळ नळीतून सुटणारा चेंडू पिचरच्या दृष्टीने धोकादायक ठरेल आणि जुन्या विक्रमांशी तुलना अशक्य होईल, ही भीती त्यामागे होती. अशा रीतीने एकाच खेळात दोन साधने रूढ झाली.

दोन साधनांची यांत्रिकी

चेंडू व बॅट यांचा संपर्क सुमारे एक सहस्रांश सेकंद टिकतो. लाकडी बॅट या अवधीत फारशी दबत नाही. चेंडूच चेपला जातो आणि आघाताच्या ऊर्जेचा मोठा भाग त्यातच नष्ट होतो. पोकळ धातूच्या बॅटची पातळ भिंत मात्र किंचित आत दबते आणि लगेच पूर्ववत होते. त्यामुळे चेंडू कमी चेपला जाऊन ऊर्जेचा अपव्यय घटतो.

दुसरा भेद वजनाच्या विभागणीचा आहे. भरीव लाकडात जाड टोकाकडे वजन अधिक असते. समान वजनाच्या धातूच्या बॅटमध्ये गुरुत्वमध्य हाताजवळ येतो. परिणामी ती अधिक वेगाने फिरविता येते आणि खेळाडूला चेंडू ओळखण्यास किंचित अधिक वेळ मिळतो. ताशी ९० मैल वेगाने टाकलेला चेंडू सुमारे ०.४ सेकंदात पोहोचतो, हे ध्यानी घेता हा ‘किंचित’ वेळ क्षुल्लक नव्हे.

तिसरा भेद चुकीच्या शिक्षेचा. बॅटच्या प्रभावी भागापासून दूर, मुठीजवळ चेंडू लागल्यास लाकडी बॅट हाताला झिणझिण्या आणते किंवा मोडते. धातूच्या बॅटवर तोच फटका अनेकदा यशस्वी होतो.

तंत्राची पुनर्जुळवणी

योग्य फटका पायांपासून सुरू होतो. मागील पायावर भार, पुढे लहानसे पाऊल, कमरेचे वळण, त्यामागून खांदे आणि सर्वांत शेवटी हात व बॅट, असा ऊर्जेचा क्रम असतो. धातूच्या बॅटवर वाढलेल्या खेळाडूत हा क्रम बिघडला तरी तो उघडा पडत नाही. हात शरीरापासून लवकर दूर नेऊन केवळ दंडांच्या बळावर घेतलेला लांब फेरा धातू खपवून घेतो. लाकूड खपवून घेत नाही.

म्हणूनच लाकडाकडे वळताना खेळाडूला हात शरीरालगत ठेवणे, बॅटचा मार्ग आखूड करणे, हालचाल लवकर सुरू करणे आणि कोणता चेंडू सोडावा याचा विवेक वाढविणे भाग पडते. लाकडाच्या रेषांचेही भान लागते. ॲशच्या बॅटवर उत्पादकाचा शिक्का वर किंवा खाली ठेवून खेळावे, म्हणजे आघात लाकडाच्या बळकट बाजूवर येतो. केप कॉड येथील उन्हाळी स्पर्धेने १९८५ मध्ये पुन्हा लाकडी बॅट स्वीकारली. महाविद्यालयीन खेळाडूंची खरी पारख तेथे होऊ लागली, हे या संदर्भात अर्थपूर्ण आहे.

नियमांची माघार

१९९८ च्या महाविद्यालयीन अंतिम सामन्यात सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने ॲरिझोना स्टेटचा २१–१४ असा पराभव केला. इतक्या धावसंख्येने समतोल ढळल्याची जाणीव तीव्र झाली व पुढील वर्षी बॅटचा व्यास आणि वजन यांवर बंधने आली. २०११ पासून ‘बी.बी.सी.ओ.आर.’ हे मानक लागू झाले. आघातानंतरच्या आणि आघातापूर्वीच्या सापेक्ष वेगाचे गुणोत्तर ०.५० पेक्षा अधिक नसावे, असे ते सांगते. ही मर्यादा लाकडाच्या जवळपास आहे. चार दशकांनंतर धातूला लाकडासारखे वागण्यास सांगावे लागले, असाच याचा अर्थ. तथापि वजनाची विभागणी व टिकाऊपणा यांतील भेद शिल्लकच राहिला.

क्रिकेटने हा प्रश्न आरंभीच मिटविला. डिसेंबर १९७९ मध्ये पर्थ येथे डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला. चेंडू खराब होतो अशी तक्रार इंग्लंडचा कर्णधार माइक ब्रेअर्ली याने केली. १९८० च्या नियमावलीत बॅटचे पाते लाकडाचेच असावे, असे स्पष्ट झाले. त्यामुळे गल्लीतील मुलगा आणि कसोटीपटू यांच्या बॅटच्या दर्जात अंतर असले तरी त्यांची जात एकच राहिली.

महाराष्ट्रीय संदर्भ

आपल्याकडील विटीदांडू या खेळात साधनाचे प्रमाणीकरणच नव्हते. दांडू गावच्या सुताराकडून किंवा स्वतःच्या हाताने घडे. प्रत्येकाचे वजन निराळे. वकट, लेंड, मुंड, नाल ही त्यातील मोजणी तेलुगू संख्यावाचकांशी जुळते, यावरून खेळ व शब्द प्रांतांच्या सीमा कशा ओलांडतात हे दिसते. हाती येईल त्या लाकडाशी जुळवून घेणे हेच तेथे कौशल्य होते.

साधनबदलाची खरी किंमत मात्र कुस्तीच्या इतिहासात दिसते. खाशाबा जाधव तांबड्या मातीत घडले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना मॅटवर खेळावे लागले व सहावे स्थान मिळाले. मॅटच्या तंत्राचा अभ्यास करून १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही घटना अध्यापकवर्गाने विसरू नये अशी आहे. गुणवत्ता मातीत असते; परंतु स्पर्धा ज्या पृष्ठभागावर होते त्याचा सराव कोणीतरी उपलब्ध करून द्यावा लागतो.

समारोप

बेसबॉल व सॉफ्टबॉल हे खेळ आज आंतरविद्यापीठ स्पर्धांत खेळले जातात. ग्रामीण व निमशहरी महाविद्यालयाने टिकाऊ धातूची बॅट घेणे आर्थिकदृष्ट्या समर्थनीयच आहे. ती नसती तर अनेक विद्यार्थ्यांच्या हाती बॅटच आली नसती. परंतु स्वस्त साधन चुका झाकते आणि झाकलेल्या चुकीचे मूल्य पुढे विद्यार्थ्यालाच मोजावे लागते. म्हणून सरावाचा काही भाग तरी लाकडी बॅटने व्हावा आणि फटक्याची पारख केवळ चेंडू किती दूर गेला यावरून न करता तो बॅटच्या कोणत्या भागावर लागला यावरून व्हावी. साधनाची निवड ही खरेदीची बाब मानली जाते; वस्तुतः ती अध्यापनाची बाब आहे. धातूच्या बॅटच्या अर्धशतकी इतिहासाचा बोध एवढाच आहे.