विद्येचे सामने

१९५७ साली रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेत शाळांकडे जबाब मागण्याची एकच लाट उसळली. कोणी शिक्षकांवर खापर फोडले, कोणी अभ्यासक्रमावर. परंतु जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाने इलिनॉय राज्यातील दहा हायस्कुलांतील विद्यार्थ्यांची कसून विचारपूस करून १९६१ साली ‘द अ‍ॅडोलेसंट सोसायटी’ या ग्रंथात जे निदान मांडले, ते दोन्ही पक्षांच्या ध्यानीमनी नव्हते. शाळेत आपले नाव कशासाठी राहावे, या त्याच्या प्रश्नाला ‘बुद्धिमान विद्यार्थी म्हणून’ असे उत्तर देणाऱ्या मुलग्यांपेक्षा ‘नामांकित खेळाडू म्हणून’ असे सांगणारेच अधिक निघाले.

यात मुलांचा दोष नाही, असे कोलमनचे म्हणणे. फुटबॉलचा सामना जिंकणारा मुलगा साऱ्या शाळेचे नाव काढतो. वर्गात पहिला येणारा मात्र उरलेल्या सर्वांना एकेक पायरी खाली ढकलतो, आणि म्हणून कारखान्यात नेमल्याहून अधिक माल काढणाऱ्या कामगाराला त्याचे सोबती जसे आवरतात, तसेच वर्ग या मुलाला थट्टेने, टोमण्यांनी आवरून धरतो. (आपल्याकडेही आंतरशालेय वक्तृत्वस्पर्धेची फिरती ढाल आणणाऱ्याला शाळा डोक्यावर घेते आणि गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्याला ‘घोकंपट्ट्या’ म्हणते.) तेव्हा स्पर्धा विद्यार्थ्याविद्यार्थ्यांत न ठेवता शाळाशाळांत लावावी, आणि तीही विद्येची, अशी त्याची तजवीज होती.

तो स्वतः १९५९ पासून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात होता. तेथे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हायस्कुलांसाठी जे खेळ रचले, त्यांत ‘डेमॉक्रसी’ हा मला सर्वांत मार्मिक वाटतो. मेजाभोवती बसलेला प्रत्येक विद्यार्थी हा विधिमंडळाचा एक सभासद. त्याच्या हाती पत्ते येतात आणि प्रत्येक पत्त्यावर एखाद्या विषयाबद्दल, जसे लष्करी तळ उभारण्याबद्दल, त्याच्या मतदारसंघातले किती लोक अनुकूल व किती प्रतिकूल, याचे आकडे असतात. मग घटकाभर मोकळी बोलणी चालतात: ‘माझ्या तळाला तू हात वर कर, तुझ्या विषयाला मी विरोध करणार नाही.’ मागाहून ठराव मांडले जातात, बहुमताने संमत वा नामंजूर होतात, आणि अखेरीस खूश झालेल्या मतदारांतून नाराज झालेल्यांची वजाबाकी करून कोण पुन्हा निवडून येईल ते ठरते. ज्याच्या पत्त्यावर आकडा फार मोठा आहे त्याने बाकी सारे विषय उदारपणे सोडून द्यावेत, हा राजकारणातला व्यवहार कोणत्याही नागरिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाने इतक्या निर्लज्ज स्पष्टतेने सांगितला नसता! तेथे दिलेल्या शब्दाची किंमत मुलांना पहिल्या फेरीतच कळते, कारण शब्द मोडणाऱ्याशी दुसऱ्या फेरीत सौदा करायला कोणी धजत नाही.

सरेन बूकॉक यांच्या ‘लाइफ करिअर’ खेळात एका काल्पनिक व्यक्तीच्या आयुष्याचा जमाखर्च मांडायचा असे. एक फेरी म्हणजे एक वर्ष, आणि अभ्यास, नोकरी, घर, विरंगुळा यांत आठवड्याचे तास वाटले की पुढची नशिबाची गोष्ट लोकसंख्येच्या आकडेवारीवर बेतलेली कोष्टके ठरवीत. येलचे विधिशास्त्रज्ञ लेमन अ‍ॅलन यांनी तर तर्कशास्त्राची चिन्हे फाशांवर उमटवून ‘वफ अँड प्रूफ’ हा खेळ काढला.

या खेळांविषयीचा उत्साह मोठा होता, आणि म्हणूनच क्लिओ चेरीहोम्स यांनी १९६६ साली तोवरच्या प्रयोगांचा घेतलेला झाडा अधिक महत्त्वाचा ठरतो. खेळांनी मुलांची गोडी वाढते हे त्यांना दिसले. माहिती मात्र नेहमीच्या अध्यापनापेक्षा अधिक पदरात पडते, असे आढळले नाही. मला यात पराभव दिसत नाही. तळाच्या मोबदल्यात काय सोडावे हे जाणणे ही माहिती नव्हेच, आणि परीक्षेच्या कागदावर ते मोजण्याची सोय त्या वेळी कोणी केली नव्हती.

कोलमनची मूळ तक्रार, की हुशारी इतरांना डाचते, हॉपकिन्समध्येच सत्तरीच्या दशकाच्या आरंभी डेव्हिड डीव्रीस व कीथ एडवर्ड्स यांनी निराळ्या मार्गाने सोडवू पाहिली. त्यांनी सामना शाळाशाळांत न लावता वर्गातच लावला: तरबेज, मध्यम आणि कच्चे असे सर्व दर्जांचे विद्यार्थी एकाच संघात घालून आधी त्यांनी एकमेकांचा अभ्यास घ्यायचा, आणि सामन्याच्या दिवशी प्रत्येकाने आपल्या तोडीच्या दोघा परसंघीयांसमोर मेजाशी बसायचे. जिंकणारा पुढल्या खेपेस वरच्या मेजावर जाई, हरणारा खालच्या. त्यामुळे कच्च्या मुलानेही आपल्या मेजावर बाजी मारली, तर तो तरबेजाइतकेच गुण संघाला आणून देई. सामने आटोपले की शिक्षक वर्गासाठी एक वार्तापत्र काढीत आणि त्यात कोणता संघ कितव्या स्थानी, कोणी कोणत्या मेजावर बाजी मारली, हे दैनिकांतील क्रीडावृत्ताच्या थाटात छापलेले असे.